येण्याचे कारण : सुट्टी

गेल्या रविवारी विहारातून घरी येते तो भाची दारातच उभी. हातात वही आणि पेन. "मावशी, मार्चमध्ये आम्ही मालदीवला चाललोय. तिथं विमानतळावर उतरल्यावर काय काय विचारतात गं? अडवत तर नाहीत ना?"

तिचा नवरा बसवर कंडक्टर, ती स्वतः बालवाडी चालवते. दोन वर्षे पैसे साठवून चौघे जण पहिल्यांदा विमानात बसणार आहेत. तिची वही पाहून मला हसू आले आणि मग हसू ओसरले. कारण फेब्रुवारी २०१९ मध्ये मी अशीच वही घेऊन लोकांना विचारत फिरले होते. तिला जे सांगितले ते आपल्या कुटुंब-पानाच्या वाचकांनाही सांगावे असे वाटले, म्हणून हे चार शब्द.

आपल्या लोकांना विमानतळ ठाऊक नव्हता असे नाही. माझ्या लहानपणी आमच्या चाळीतले तीन-चार जण आखातात कामाला गेले. कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी नुसताच मजूर. जाणारा एक आणि त्याला सोडायला सहार विमानतळावर टेम्पो भरून माणसे. काचेच्या बाहेर आम्ही आणि आत पत्र्याची पेटी घेतलेला मामा. बायका रडायच्या, पोरे विमान दिसते का म्हणून माना वर करायची. विमानतळ म्हणजे पोट भरायला लांब जाणाऱ्याला सोडायची जागा, हेच आमच्या डोक्यात पक्के. कामासाठी, नाहीतर फार झाले तर शिक्षणासाठी. नुसते हिंडायला, समुद्र बघायला कुणी विमानात बसते, ही गोष्ट आमच्या चाळीत कुणाच्या नावावर जमा नव्हती.

आमची भिशी लागली आणि मुलीने हट्ट धरला. तिच्या भूगोलाच्या पुस्तकात प्रवाळ बेटांचे चित्र होते. मालदीवला आधी व्हिसा काढावा लागत नाही, पोहोचल्यावर फुकट मिळतो, हे तिनेच शोधून काढले. यांना रजा मिळेना. मग ठरले की मी, मुलगी आणि आई अशा तिघींनी जायचे. भिशीचा सगळा डाव तिकिटांतच गेला, राहण्या-खाण्याचे पैसे आईने स्वतःच्या पेन्शनमधून काढले.

आई तेव्हा चौसष्ट वर्षांची. महानगरपालिकेत एकतीस वर्षे सफाई कामगार. पहाटे चौकीवर हजेरी, मुकादमाची हाक, खराटा आणि ढकलगाडी. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात. तिची सुट्टी म्हणजे चैत्यभूमी, दीक्षाभूमी, गावची लग्ने आणि मयत. समुद्र तिने पाहिला होता तो दादर चौपाटीचा, तोही ६ डिसेंबरला, लाखोंच्या गर्दीत उभी राहून.

निघायच्या आठ दिवस आधी घरात भांडण झाले.

आईकडे पितळेची बोटभर बुद्धमूर्ती आहे. २००६ साली धम्मदीक्षेला पन्नास वर्षे झाली तेव्हा ती नागपूरला गेली होती, तिथून आणलेली. गावाला जाताना, दवाखान्यात भरती होताना, कुठेही जाताना ती मूर्ती रुमालात गुंडाळून पिशवीत असते. मी ज्यांना विचारत होते त्यांपैकी एका जाणत्या माणसाने सांगितले, "ताई, सामानात दारू, डुकराचे मांस आणि पूजेची मूर्ती नेऊ नका. तिथे कायद्याने बंदी आहे. उतरल्यावर सामान मशीनमधून जाते." मी घरी येऊन हे आईला सांगितले. आई शांतपणे म्हणाली, "मग मी येत नाही. जिथं बुद्ध चालत नाही तिथं मला कशाला नेतेस?"

मुलगी रडली. मी चिडले. तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. पण खरे सांगते, आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पैसे देऊन ज्या दारात जायचे, त्या दारात आपला बुद्ध बाहेर ठेवावा लागत असेल तर जावे का? आपल्या आजोबा-पणजोबांना दाराबाहेर उभे केले जात होते. ती आठवण आपल्या रक्तात आहे. तिला थोडासाही धक्का लागला की ती जागी होते.

मग मी वाचनालयात बसून त्या देशाची माहिती काढली. आणि जे वाचले ते आईला रात्री वाचून दाखवले.

मालदीव म्हणजे सुमारे बाराशे बेटांचा देश. त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवर माणसे राहतात. हा देश आज पूर्ण मुस्लिम आहे. २००८ च्या त्यांच्या संविधानानुसार मुस्लिम नसलेल्याला तिथले नागरिकत्व मिळत नाही आणि दुसऱ्या धर्माची उपासना चारचौघांत करता येत नाही. पण बाराव्या शतकापर्यंत, म्हणजे ११५३ च्या सुमारास तिथल्या राजाने इस्लाम स्वीकारला तोपर्यंत, कित्येक शतके ही बेटे बौद्ध होती. तिथे स्तूप होते, विहार होते. त्या शतकाच्या अखेरच्या ताम्रपटांत दक्षिणेकडच्या विहारांतील भिक्खूंना राजधानीत आणून मारल्याची नोंदही आहे. १९२२ साली एच. सी. पी. बेल नावाच्या इंग्रज पुरातत्त्ववेत्त्याने दक्षिणेकडच्या बेटांवरचे पडके स्तूप खणून मोजून लिहून ठेवले. १९९० नंतर काशिधू नावाच्या बेटावर नॉर्वेच्या संशोधकांनी एका बौद्ध विहाराचे अवशेष उकरले, त्यात हजारो कवड्या सापडल्या. माले शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात प्रवाळाच्या दगडात कोरलेल्या बौद्ध मूर्ती जपलेल्या होत्या. फेब्रुवारी २०१२ मध्ये, तिथे सत्ताबदलाची धामधूम चालू असताना, जमाव आत घुसला आणि त्याने त्यातल्या बहुतेक सगळ्या फोडून टाकल्या.

आई ऐकत होती. मला वाटले आता ती आणखी घट्ट होणार. पण ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे तिथं आपले होते की."

"होते."

"मग जाऊ. बघू तरी."

तिच्या मनात नेमके काय हलले ते मी विचारले नाही. आई अशा गोष्टी फोड करून सांगत नाही.

जाण्याच्या पहाटे धाकटा भाऊ आम्हाला सोडायला आला. मुंबईच्या विमानतळाच्या दारात आईने रुमाल काढून त्याच्या हातात दिला. "रोज सकाळी एक मेणबत्ती लाव. विसरू नको. आणि बिछान्यावर टाकू नको कुठंतरी." भाऊ रिक्षा चालवतो, त्याला पहाटेची घाई असते, पण त्याने मुकाट्याने रुमाल शर्टाच्या खिशात ठेवला.

विमानाचे मी फार सांगत नाही. सुमारे तीन तासांचा प्रवास. आईने खिडकी घेतली आणि मुलीला दिली नाही. चौसष्टाव्या वर्षी तिने पहिल्यांदा एखाद्या जागेवर हक्क सांगितलेला मी पाहिला. खाली ढग, मग नुसते निळे पाणी आणि शेवटच्या अर्ध्या तासात त्या निळ्यात फिकट हिरव्या रंगाच्या बांगड्या दिसू लागल्या. कुणीतरी पाण्यावर बांगड्या पसरून ठेवाव्यात तशा. प्रवाळाची अशी कडी करून बसलेली बेटे म्हणजे ॲटॉल. जगभर भूगोलात वापरला जाणारा हा शब्द मुळात मालदीवच्याच भाषेतला. मुलगी हे ओरडून सांगत होती आणि पुढच्या सीटवरचे नवे जोडपे वळून वळून बघत होते. त्या विमानात बहुतेक सगळी लग्नानंतर फिरायला निघालेली जोडपी होती, हातांवरची मेंदी न उतरलेली. त्यांच्यात निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली, साडीला बाबासाहेबांचा बिल्ला लावलेली आमची आई एकटीच.

विमानातच कागद वाटले. तेव्हा आगमनाचे कार्ड हाताने भरावे लागत होते. नाव, पासपोर्टचा नंबर, कुठे राहणार आणि येण्याचे कारण. आईचे कार्ड मी भरत होते. ती शेजारून प्रत्येक रकाना वाचायला लावत होती. कोर्टातले असोत की रेशनचे, न वाचता कागदावर अंगठा नाही, सही नाही, हा तिचा जुना नियम आहे. "येण्याचे कारण" आले तेव्हा मी म्हटले, "इथं सुट्टी लिहायचं."

"कुणाची सुट्टी?"

"आपली. तुझी."

"मी तर रिटायर झाले."

"तरी सुट्टीच लिहितात आई."

ती म्हणाली, "लिही." आणि मी लिहून झाल्यावर तिने कार्ड हातात घेऊन तो शब्द पाहिला. इंग्रजीत होता. तिला वाचता येत नाही इंग्रजी. तरी पाहिला.

विमान उतरते तेव्हा मात्र जीव खालीवर होतो, हे भाचीलाही मी आधीच सांगून ठेवले आहे. कारण खाली जमीन दिसतच नाही. हुलहुले नावाच्या लांबट बेटावर हा विमानतळ आहे. या टोकाला समुद्र, त्या टोकाला समुद्र, मध्ये धावपट्टी. चाके टेकेपर्यंत वाटते की आपण पाण्यातच उतरतो आहोत. १९६० च्या सुमारास तिथल्या लोकांनी या बेटावर पहिली साधी धावपट्टी तयार केली. १९७२ साली परदेशी पाहुण्यांसाठी पहिले रिसॉर्ट निघाले आणि १९८१ मध्ये हा आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. २०१७ पासून त्याचे नाव वेलाना. नोव्हेंबर १९८८ मध्ये तिथे भाडोत्री सैनिकांनी सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा आग्र्याहून निघालेले आपले पॅराशूटचे जवान रात्री याच धावपट्टीवर उतरले होते. अंधारात, चारी बाजूंना पाणी. दिवसाउजेडी उतरताना आम्ही खुर्चीचे हात धरून बसलो होतो, तेव्हा त्यांचे काय झाले असेल!

शिडीने खाली पाय ठेवला आणि गरम, ओला वारा तोंडावर आला. मे महिन्यात मुंबईत भात उकळत असलेल्या पातेल्याचे झाकण काढावे तसा. फेब्रुवारीत! आई म्हणाली, "स्वेटर कशाला आणायला लावलास मला?" घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे करायचे असते. तेही आईने लगेच केले. हजेरीची सवय.

आत इमिग्रेशनची रांग. रांगेत माझ्या छातीत धडधड होती, ती सांगायला लाज कसली. आपल्या माणसाला काउंटरची भीती असते. तलाठ्याचा असो, शाळेचा असो, बँकेचा असो, काउंटरच्या पलीकडून कुणीतरी आपल्याला वरपासून खालपर्यंत बघते आणि मग बोलते. मी हॉटेलचा कागद, परतीचे तिकीट, डॉलर, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत एकावर एक लावून ठेवले होते. पलीकडच्या तरुणीने डोक्याला रुमाल बांधलेला होता. तिने कार्ड पाहिले, आईकडे पाहिले, "फर्स्ट टाइम?" विचारले. मुलगी म्हणाली, "येस." तिने धपकन शिक्का मारला. तीस दिवस. पैसे नाहीत, फॉर्म नाही, फोटो नाही. दोन मिनिटेसुद्धा लागली नसतील. मी ती प्लास्टिकची पिशवी उघडलीच नव्हती.

पुढे सामान मशीनमधून गेले. इथे मी पुन्हा सावध झाले. पिशवीत मूर्ती नव्हती, पण आईच्या साडीवर बिल्ला होता. कस्टमचा माणूस वयाने मोठा, पिकलेल्या दाढीचा. त्याने आईची पिशवी थांबवली, कारण आत काहीतरी धातूचे गोल दिसत होते. निघाला चिवड्याचा स्टीलचा डबा. त्याने झाकण काढून वास घेतला, बंद केला. मग बिल्ल्याकडे बोट केले. "हू इज दिस? गॉड?"

मी गोंधळले. मुलगी नववीत होती, पण ती गोंधळली नाही. तिने इंग्रजीत सांगितले की देव नाही, हे डॉक्टर आंबेडकर, यांनी आमच्या भारताचे संविधान लिहिले. तो माणूस "अच्छा, लॉ मॅन" म्हणाला, मान हलवली आणि पिशवी पुढे सरकवली. आईने विचारले, "काय म्हणाला?" मी म्हटले, "वकील आहेत का, म्हणाला." आई म्हणाली, "बरोबर म्हणाला."

आता जो प्रसंग सांगते तो भाचीच्या वहीत उतरलेला नाही, पण माझ्या डोक्यातून तो जात नाही.

सामान घेऊन आम्ही बाहेर पडायच्या दाराशी थांबलो होतो. मुलगी पाण्याची बाटली भरायला गेली. तिथे एक सफाई कामगार लादी पुसत होता. विशी-पंचविशीचा, सडपातळ, निळा गणवेश. आई त्याच्याकडे बघत उभी. मला माहीत आहे ती काय बघत होती. ती लादी बघत होती. कुठेही गेली तरी ती आधी लादी बघते, कोपरे बघते. हळूच म्हणाली, "पोरगा चांगला पुसतो. पण पाणी फार घेतो. कुणीतरी पडेल." आणि सरळ जाऊन त्याला हिंदीत सांगितले, "बेटा, पहिले निचोड लो, फिर लगाओ."

तो हसला. हिंदी त्याला कळत होते. तो बांगलादेशचा. मालदीवमध्ये बांधकामावर, हॉटेलांत, साफसफाईला राबणारे परदेशी मजूर बहुतेक बांगलादेशचे आहेत. आईची साडी, आमच्या दोन कापडी पिशव्या आणि दोरी बांधलेली बॅग पाहून त्याने विचारले, "माँजी, इधर काम पे आये?"

त्याचा काय दोष? आमच्यासारखी दिसणारी माणसे तिथे उतरतात ती कामालाच उतरतात. फिरायला येणारी माणसे वेगळी दिसतात, त्यांच्या बॅगांना चाके असतात. माझा चेहरा पडला. मला वाटले, काउंटर पार केला, मशीन पार केले आणि आता आपल्याच जातकुळीच्या कष्टकऱ्याने आपल्याला ओळखले.

आईचा चेहरा पडला नाही. ती म्हणाली, "नहीं बेटा. काम तो इकतीस साल किया. यही काम किया. अब घूमने आये हैं."

तो काठी हातात धरून थांबला. "सफाई का?"

"हाँ, सफाई का. बम्बई में."

तो नुसता बघत राहिला. मग त्याने विचारले की अम्मा, पेन्शन मिळते का. आईने सांगितले, मिळते. किती तास काम, मुकादम कसा, पगार वेळेवर होतो का, असे दोघांचे बोलणे सुरू झाले. मी आणि मुलगी बाजूला. पाच वर्षे झाली म्हणाला, एकदाच घरी गेला होता. रिसॉर्टचे एकही बेट पाहिलेले नाही. आईने पिशवीतला चिवड्याचा डबा काढला आणि अर्धा चिवडा कागदावर त्याला दिला. तो घेईना. "ले रे," म्हणाली, मुकादमाच्या आवाजात. त्याने घेतला.

बाहेर पडलो आणि आई दारातच थबकली. "अगं, इथं तर रस्ताच नाही."

खरेच नव्हता, निदान समोर तरी. आपल्याकडे विमानतळाबाहेर रिक्षा, टॅक्सी, हॉर्न. इथे दहा-पंधरा पावलांवर समुद्र आणि त्यात ओळीने बोटी. पाणी इतके स्वच्छ की धक्क्याच्या खाली फिरणारे मासे वरून दिसतात. विमानतळाच्या पाण्यात मासे! एका बाजूला रिसॉर्टवाल्यांचे काउंटर, तिथे नावाच्या पाट्या धरलेली माणसे. ज्यांचे पैसे जास्त त्यांना स्पीडबोट, त्याहून जास्त त्यांना पाण्यावर उतरणारे छोटे विमान. आमच्या नावाची पाटी कुठेच नव्हती, आम्ही साध्या फेरीने जाणार होतो. विमानतळावरून राजधानी मालेला दहा मिनिटे, दहा रुफिया. रुफिया हा आपल्या रुपयाचाच भाऊबंद. एका डॉलरला साधारण पंधरा रुफिया मिळतात. ऑगस्ट २०१८ मध्ये विमानतळ आणि माले यांना जोडणारा पूलही सुरू झाला होता, त्यावरून बस जाते. पण आईने बोटच पसंत केली.

बोटीला तिथे धोणी म्हणतात. पाट्यांवरची लिपी उजवीकडून डावीकडे, काही कळत नाही. पण भाषा? त्यांची दिवेही भाषा आपल्या मराठीच्याच मोठ्या कुळातली, श्रीलंकेच्या सिंहलीची बहीण. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही तीच बोलतात. बोटीवरच्या पोऱ्याने मुलीला आकडे शिकवले. एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते... दहाला दिहए. आई म्हणाली, "हा दहाच म्हणतोय की." पुढे चार दिवस ती दुकानदाराला आकडे म्हणून दाखवत असे आणि प्रत्येक दुकानदार हसत असे.

मालेहून दुसऱ्या फेरीने दीड तासावर माफुशी बेट. शुक्रवारी ही सरकारी फेरी बंद असते, हे भाचीने वहीत ठळक लिहून घेतले. २००९-१० पासून तिथल्या सरकारने साध्या वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाउस चालवायला परवानगी दिली, म्हणून तर आपल्यासारख्यांना जाता येते. नाहीतर पूर्वी रिसॉर्ट सोडून सोय नव्हती. वस्तीच्या बेटांवर दारू नाही, अंगभर कपडे घालायचे, परदेशी पाहुण्यांच्या पोहण्याच्या कपड्यांसाठी किनारा वेगळा. दारू नाही म्हटल्यावर आई खूष. "पाचवं शील तर इथं सरकारच पाळतंय," म्हणाली. (त्याच बेटावर तुरुंगही आहे. ते तिला मी परत आल्यावर सांगितले.)

पहिल्या सकाळी मला जाग आली तेव्हा आई खोलीत नव्हती. गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, समुद्राकडे तोंड करून, ओठांतल्या ओठांत त्रिसरण-पंचशील म्हणत होती. समोर ना मूर्ती, ना मेणबत्ती. गेस्ट हाउसचा मालक बाजूच्या तारेवर चादरी वाळत घालत होता. आई संपवून उठेपर्यंत त्याने बादलीचा आवाज केला नाही.

चार दिवसांत समुद्र पोटभर पाहिला, त्याचे वर्णन इतरांनी पुष्कळ केलेले आहे. एकच सांगते. किनाऱ्यावर आईला एक कवडी सापडली, पिवळसर, गुळगुळीत. एके काळी या बेटांचा मोठा व्यापार कवड्यांचा होता. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी तिथे काझी म्हणून राहिला, त्याने लिहून ठेवले आहे की या कवड्या बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई. हिंदुस्थानात कवडी हे चलन होते, 'कवडीमोल' हा शब्द त्यातूनच. आईने ती तळहातावर धरून सांगितले, तिच्या आजीच्या गळ्यात देवीची कवड्यांची माळ असे. परडी घेऊन पाच घरे मागावी लागत. १९५६ च्या दीक्षेनंतर आजीने परडी आणि माळ सीना नदीच्या पाण्यात सोडली. आई तेव्हा वर्षाची होती, हे तिने तिच्या आईकडून ऐकलेले. "त्या माळेतल्या कवड्या इथूनच गेल्या असतील का गं?" मी म्हटले, असतील. शंख, शिंपले, प्रवाळ उचलून न्यायचे नाहीत असे गेस्ट हाउसवाल्याने बजावले होते. आईने कवडी परत पाण्यात टाकली. "दुसऱ्यांदा," म्हणाली.

आता भाचीसाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी. २०१९ नंतर बरेच बदलले आहे. कागदी कार्ड गेले. आता विमान सुटण्याच्या आधीच्या ९६ तासांत 'इमुगा' नावाचा सरकारी अर्ज मोबाइलवर भरावा लागतो. जाताना आणि परततानाही. तो फुकट आहे, पैसे मागणारी जागा दिसली तर ती खोटी समजा. जुलै २०२५ मध्ये विमानतळाची नवी, मोठी इमारत सुरू झाली, त्यामुळे मी सांगितलेली दारे आणि रांगा आता तशाच असतील असे नाही. गेस्ट हाउसमध्ये दर माणशी दर दिवशी हरित कर असतो, जानेवारी २०२५ पासून पन्नासपर्यंत खोल्यांच्या गेस्ट हाउसला तो सहा डॉलर झाला. खोलीचे भाडे ठरवताना तो धरलेला आहे का, हे आधी विचारा. इलेक्ट्रॉनिक सिगारेट न्यायला नोव्हेंबर २०२४ पासून बंदी आहे. १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तर नोव्हेंबर २०२५ पासून तंबाखूच बंद, पाहुण्यांनाही. कॉलेजातल्या पोरांना हे नीट समजावून न्या. २०२४ च्या सुरुवातीला दोन देशांत कुरबुर झाली होती आणि आपल्याकडच्या अनेकांनी तिकिटे रद्द केली होती. ती आता निवळली आहे.

मूर्तीचा नियम मात्र तसाच आहे. भाचीच्या सासूबाईंकडेही मूर्ती आहे आणि त्यांनाही ती सोबत हवी आहे. मी त्यांना काही समजावले नाही. आईला फोन लावून दिला. दोघी अर्धा तास बोलत होत्या.

आम्ही परत आलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. भाऊ दाराशी उभा होता. आईने बॅग माझ्याकडे दिली, प्रवास कसा झाला हे त्याला सांगण्याआधी हात पुढे केला. त्याने खिशातून रुमाल काढला. तिने तिथेच, ट्रॉल्यांच्या गर्दीत, दिव्याखाली रुमाल उघडून बघितला.

"मेण सांडलंस की रे यावर," म्हणाली आणि नखाने खरवडू लागली.